देणगी आणि थांबण्याचा अधिकार

परमेश्वराने एखाद्याला असामान्य देणगी दिली, तर ती किती काळ आणि कोठवर वापरायची हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? ज्याला ती मिळाली त्याचा, तिचा आनंद लुटणाऱ्या समाजाचा, की ती देणाऱ्याचा? आपल्या धर्मग्रामांतही हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत उभा राहतो. वर्षानुवर्षे गायनवृंद सांभाळणारा माणूस एके दिवशी 'आता पुरे' म्हणतो, तेव्हा लोक त्याला सुनावतात, "देवाने गळा दिलाय, तो काय घरात बसून राहायला?" या बोलण्यात प्रेम असते आणि थोडा हक्कही असतो. हा हक्क कितपत खरा, याचा विचार करताना मला एका अमेरिकन खेळाडूचे चरित्र वारंवार आठवते. त्याचे नाव बॅरी सँडर्स.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपण जाणतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात लांबोळा चेंडू बहुधा हातात घेऊन पळतात. शंभर यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही सरकले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू छातीशी धरून शत्रूच्या भिंतीत घुसणारा जो गडी, त्याला 'रनिंग बॅक' म्हणतात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी अंगाने वाट मोकळी करून देतात आणि त्या क्षणभर उघडलेल्या फटीतून तो निसटतो. किती यार्ड धावला, याचा हिशेब त्याच्या नावावर लिहिला जातो. वाट करून देणाऱ्यांच्या नावावर यार्ड लिहिले जात नाहीत.

सँडर्सचा जन्म १९६८ साली कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात झाला. अकरा भावंडे, वडील घरांची छपरे घालण्याचे कष्टाचे काम करीत आणि मुलांनाही सोबत नेत. उंची अवघी पाच फूट आठ इंच असल्यामुळे फार थोड्या महाविद्यालयांनी त्याला विचारले. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात तो आला, तेव्हा तेथे थर्मन थॉमस हा नामांकित धावपटू आधीच होता. त्यामुळे दोन वर्षे सँडर्सला त्याच्या सावलीत काढावी लागली. १९८८ साली प्रथमच पहिली जागा त्याच्या वाट्याला आली आणि त्या एका मोसमातल्या अकरा सामन्यांत तो २,६२८ यार्ड धावला. चार सामन्यांत तीनशेहून अधिक! १९८१ मध्ये मार्कस ॲलनने केलेला २,३४२ यार्डांचा विक्रम मागे पडला. महाविद्यालयीन खेळातील सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन करंडक त्याला जाहीर झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या समारंभात तो नव्हता. त्याच्या संघाचा सामना टोकियोत होता आणि त्या सामन्यातही तो ३३२ यार्ड धावला.

गुण मिळवल्यावर नाचणे, छाती बडवणे, चेंडू जमिनीवर आपटणे ही त्या खेळातली रीत. सँडर्स मात्र चेंडू शांतपणे पंचांच्या हाती देई आणि परत फिरे. १९८९ साली तो डेट्रॉईट लायन्स या व्यावसायिक संघात आला. त्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्याचा संघ जिंकत होता. सर्वाधिक यार्डांचा मान मिळवायला त्याला अवघे दहा यार्ड हवे होते. प्रशिक्षकांनी विचारले, "जातोस का आत?" त्याने नको म्हटले. मान कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेकडे गेला: त्याचे १,४८०, सँडर्सचे १,४७०.

येथवर सारे गोड आहे. असा खेळाडू कोणत्याही व्यासपीठावरून मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवता येईल. खरी अडचण पुढे आहे.

दहा मोसमांत सँडर्स १५,२६९ यार्ड धावला. व्यावसायिक खेळातला त्यावेळचा सर्वकालीन विक्रम वॉल्टर पेटन यांचा होता, १६,७२६ यार्डांचा. फरक उरला १,४५७ यार्डांचा. १९९८ च्या मोसमात, जो त्याचा फारसा चांगला मोसम मानला जात नव्हता, तो १,४९१ यार्ड धावला होता. म्हणजे आणखी एक वर्ष, तेही साधारणच, पुरेसे होते. वय एकतीस, अंग धडधाकट. आणि १९९९ च्या जुलै महिन्यात, नव्या मोसमाचा सराव सुरू होण्याच्या सुमारास, त्याने आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्सने निवेदन पाठवले की, खेळात राहण्यापेक्षा खेळ सोडण्याची इच्छा आता अधिक प्रबळ झाली आहे. तो परत आला नाही. पेटन यांचा विक्रम २००२ साली एमिट स्मिथने मोडला.

डेट्रॉईटचे प्रेक्षक हळहळले आणि चिडलेही. त्यांचा राग निव्वळ स्वार्थी होता असे म्हणता येणार नाही. आपल्या धर्मपरंपरेतूनही सँडर्सवर एक गंभीर आरोप करता येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. परदेशी निघालेला धनी सेवकांवर आपले द्रव्य सोपवून जातो. दोघे ते दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो आणि शिक्षेला पात्र होतो. ऐन बहरात खेळ सोडणारा हा तिसऱ्या सेवकासारखाच नव्हे काय?

दृष्टांत नीट वाचला तर दोन गोष्टी ध्यानात येतात. तिसरा सेवक द्रव्य पुरतो ते भीतीपोटी. धनी कठोर आहे असे त्याने मनाशी ठरवलेले असते आणि म्हणून तो आरंभच करीत नाही. सँडर्सने आरंभही केला आणि दहा वर्षे भूमी कसली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्याला पाच मिळाले त्याने आणखी पाच मिळवले, ज्याला दोन मिळाले त्याने आणखी दोन. आणि धनी दोघांनाही एकाच शब्दांत शाबासकी देतो, तसूभरही फरक करीत नाही. दुसऱ्याने पहिल्याला मागे टाकले का, असे तो विचारतच नाही. म्हणजे देवाच्या हिशेबात प्रत्येकाची तुलना त्याला मिळालेल्या देणगीशी होते. शेजाऱ्याच्या राशीशी नव्हे. विक्रमाचा हिशेब नेमका याच्या उलट चालतो. विक्रम म्हणजे शेजाऱ्याची रास मोजणे.

आणि ही मोजणी तरी किती पक्की असते? २०२४ च्या मोसमात बोइसी स्टेटचा ॲश्टन जीन्टी सँडर्सच्या महाविद्यालयीन विक्रमाजवळ येऊन पोहोचला. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, पेन स्टेटविरुद्ध तो १०४ यार्ड धावला आणि २,६०१ वर थांबला. बरोबरीला सत्तावीस यार्ड कमी. पण जीन्टीचे सामने चौदा, सँडर्सचे अकरा. शिवाय मोसमानंतरच्या विशेष सामन्यांतील आकडे २००२ पूर्वी जमेस धरले जात नसत. त्यामुळे सँडर्सने तशा सामन्यात केलेले २२२ यार्ड वहीबाहेरच राहिले. ते धरले तर त्याची बेरीज २,८५० होते. मग मोठा कोण, आणि किती? उत्तर खेळाडूच्या पायांइतकेच कारकुनाच्या नियमावरही अवलंबून असते.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद खेळत होते. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम हाताच्या अंतरावर होता. पण काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना संपला. निंबाळकरांच्या बाबतीत दार दुसऱ्याने लावले, सँडर्सच्या बाबतीत त्याने स्वतःच. पण निंबाळकरांच्या त्या ४४३ धावांपैकी एकही धाव त्यामुळे कमी सुंदर झाली नाही. मग सँडर्सच्या यार्डांचे मोलही पुढच्या दीड हजार यार्डांवाचून का घटावे?

येथे कोणी म्हणेल, ही नम्रता नसून उदासीनता आहे. संत थॉमस अक्विनास यांनी या शंकेचा फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. मनाचा मोठेपणा आणि नम्रता हे दोन्ही सद्गुण असून ते एकमेकांविरुद्ध नाहीत, असे ते सांगतात. देवाने दिलेल्या देणग्यांकडे पाहून माणूस मोठ्या कार्याला हात घालतो, तो मनाचा मोठेपणा. स्वतःच्या उणिवांकडे पाहून आपली पायरी ओळखतो, ती नम्रता. आणि थोर मनाचा माणूस मानाला पात्र असे कार्य करतो, मानाला मात्र फार किंमत देत नाही. मैदानावर जीव ओतून धावणारा आणि मग चेंडू पंचांच्या हाती देणारा सँडर्स या वर्णनात चपखल बसतो. दहा यार्डांसाठी आत न जाणारा तो आणि दीड हजार यार्डांसाठी न थांबणारा तो, हे दोन वेगळे सँडर्स नव्हेत. आपण पहिल्याचे कौतुक करतो आणि दुसऱ्यावर रागावतो, कारण पहिल्या वेळी त्याच्या नम्रतेची किंमत आपल्याला मोजावी लागली नव्हती.

शिवाय देणगी ज्या देहातून प्रकट होते, तो देह प्रेक्षकांच्या मालकीचा नसतो. २१ डिसेंबर १९९७ रोजी सँडर्सने त्या मोसमातला दोन हजारावा यार्ड ओलांडला. त्याच सामन्यात त्याचा सहकारी रेजी ब्राऊन मानेच्या मज्जारज्जूला इजा होऊन मैदानावर निश्चेष्ट पडला. तोंडाने श्वास देऊन त्याला वाचवावे लागले. तो पुढे चालू लागला, खेळू मात्र कधीच शकला नाही. सहा वर्षांपूर्वी याच संघाचा माइक अटली सामन्यात कायमचा पांगळा झाला होता. ज्या खेळात एकाच दुपारी विक्रमाचा जल्लोष आणि मित्राचा श्वास थांबणे या दोन्ही गोष्टी घडतात, तेथे "अजून एक वर्ष धाव" असे गॅलरीतून सांगण्याचा हक्क कोणाला असावा?

तरीही सँडर्सला सर्व बाबतींत निर्दोष ठरवावे, असे मला वाटत नाही. थांबण्याचा अधिकार असणे वेगळे आणि थांबण्याची रीत वेगळी. त्याने करार केलेला होता, आगाऊ रक्कम स्वीकारलेली होती. तिच्यातला भाग परत मागण्यासाठी संघ लवादाकडे गेला आणि निर्णय संघाच्या बाजूने लागला. संघ सतत हरत राहतो आणि व्यवस्थापनाला जिंकण्याची तळमळ नाही, हे आपले खरे दुःख त्याने पुढे २००३ च्या आत्मचरित्रात सांगितले. पण दहा वर्षे ज्यांनी त्याच्यासाठी अंगाने वाट करून दिली, त्यांना त्याचा निरोप फॅक्सयंत्रावरून मिळाला. मान नाकारणे ही नम्रता असू शकते. निरोप टाळणे ही नम्रता नव्हे. आपल्या जाण्याने दुसऱ्याच्या जीवनात जी पोकळी पडते, तिच्यासमोर उभे राहणे हे प्रीतीचे कर्तव्य आहे, आणि लाजाळू स्वभावाने ते माफ होत नाही.

ख्रिस्तसभेने या बाबतीत आपल्या डोळ्यांदेखत दोन उदाहरणे घालून दिली आहेत. पोप जॉन पॉल दुसरे थरथरत्या देहाने २ एप्रिल २००५ पर्यंत, शेवटच्या श्वासापर्यंत, पदावर राहिले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पद सोडत असल्याचे जाहीर केले. देवासमोर सदसद्विवेकाची पुनःपुन्हा परीक्षा करून ते त्या निर्णयाला आले होते. त्यांनी ते कार्डिनलांच्या सभेत, समोरासमोर सांगितले, आपल्या उणिवांबद्दल क्षमा मागितली आणि त्यांचे आभार मानले. एक राहिले, एक गेले. दोघांपैकी कोणी देणगी पुरून ठेवली असे म्हणण्याचे धाडस आपण करणार नाही. राहणे आणि जाणे, दोन्ही आज्ञापालन होऊ शकते. कोणाच्या आज्ञेचे, हा प्रश्न ज्याने त्याने गुडघे टेकून सोडवायचा असतो.

सँडर्स निवृत्त झाल्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९९९ रोजी, वॉल्टर पेटन वारले. तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता. ज्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत, ज्यांच्यासाठी पंचांगात स्वतंत्र दिवस राखलेला नाही, अशा असंख्य पवित्र जनांची ख्रिस्तसभा त्या दिवशी आठवण करते. त्यांच्यापैकी कितीतरी जण दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करून देणारे असतील.

डेट्रॉईटचा रागही पुढे निवळला. २०२३ साली तेथील मैदानाबाहेर सँडर्सचा पुतळा उभारण्यात आला. त्या शहराने त्याला अखेर न धावलेल्या यार्डांची माफी दिली आणि धावलेल्या यार्डांबद्दल आभार मानले. आपल्या धर्मग्रामातील गायक, शिक्षिका, संडे स्कूलचे मास्तर जेव्हा 'आता पुरे' म्हणतील, तेव्हा त्यांना इतकी वर्षे ताटकळत ठेवू नये. त्यांनी निरोप घ्यायला यावे आणि आपण त्यांना निरोप द्यायला जावे.