प्रतिसाद आणि जाणीव

मनुष्य भानावर आहे की नाही, हे आपण त्याच्या उत्तरावरून ठरवतो. हाक मारली, त्याने वळून पाहिले, एवढे पुरते. परंतु मेंदूला जबर इजा झालेल्या माणसाकडून उत्तर येत नाही, तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यावा? उत्तर देणारा उरलेला नाही, की उत्तर देण्याचे साधनच हरपले आहे? हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच नीतीचाही आहे. कारण 'याला काही कळत नाही' असे एकदा ठरले की त्याच्याशी वागण्याची आपली रीतच पालटते.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी हल्ला झाला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत सहकारी परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. डोळे उघडतात, झोप-जाग चालते, पण जाणिवेची खूण नाही, अशा 'वनस्पतिवत्' अवस्थेचे बहुतेक निकष त्यांना लागू पडतात, असा समितीचा अभिप्राय पडला. रुग्णालयाचे म्हणणे असे की, आवडीचे अन्न मिळाले की त्या खुलतात, आवाजाने व हातवाऱ्याने आवडनिवड दाखवतात. ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळताना न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचाच मानला.

यांत खरा साक्षीदार कोण? माया अनेकदा आपली इच्छाच समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचते; स्नायूची आपोआप झालेली हालचालही तिला होकार वाटते. उलट, परका परीक्षक तासाभरात जे पाहतो ते त्या तासापुरतेच असते. अशा रुग्णाचे अवधान ढगांआडच्या चंद्रासारखे येते नि जाते. म्हणून आता तपासणी निरनिराळ्या वेळी, पुन:पुन्हा करावी असे मानतात. डोळ्यांसमोरून आरसा हळूहळू फिरवतात. इतर वस्तूंमागे न फिरणारी नजर कधी कधी स्वत:च्या प्रतिबिंबामागे फिरते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डॉक्टरांनी एकमताने वनस्पतिवत् ठरवलेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांत पद्धतशीर तपासणीने जाणिवेच्या खुणा आढळल्या. २०२४ च्या अभ्यासात तर, सांगितलेली कोणतीही कृती न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू सूचनेनुसार काम करीत असल्याचे यंत्रांनी दाखवले. त्यांचे शरीर गप्प होते, ते स्वत: नव्हते.

आमच्या आदिलाबादेत या कसोटीला आणखी एक पदर आहे. येथे कोणाच्या घरात मराठी, कोणाच्या गोंडी, कोलामी, लंबाडी वा उर्दू. अपघातातला रुग्ण हैदराबादेस नेला की अतिदक्षता विभागात त्याच्या कानी पडते ते 'चेय्यि एत्तु'. आणि 'हात वर कर' हे त्याच्या बोलीत सांगू शकणारी आई दाराबाहेर बसलेली असते. हात हलला नाही, तर दोष मेंदूचा की भाषेचा? अशा वेळी आईला आत बोलावणे ही सवलत नव्हे, ती तपासणीचाच भाग मानली पाहिजे.

शासकीय सेवेत आम्हांस शिकवले गेले की पंचनाम्यात दिसले तेवढेच लिहावे. 'प्रतिसाद आढळला नाही' ही नोंद झाली. 'जाणीव नाही' हा निष्कर्ष झाला. या दोहोंतले अंतर राखणे, हीच येथे नीती.

तरीही जाणीव सापडली म्हणजे आयुष्य लांबवलेच पाहिजे, असे ठरत नाही. जाणता जीव वेदनाही जाणतो. उपचार केव्हा थांबवावेत, यासाठी २०१८ च्या निकालाने वाट दिली व २०२३ मध्ये ती सुकर केली. पण तो निर्णय वेगळा आणि नंतरचा. तो कोणत्याही बाजूने लागो, तोवर त्या खाटेजवळ आपण काय बोलतो याला मर्यादा हवी. ऐकू येत नसेल तर आपल्या चार शब्दांचे काहीच बिघडत नाही. येत असेल तर त्या माणसाला जगाशी जोडणारे तेवढेच उरलेले असते.