उतारवयातील उमेदवारी

वयाची पन्नाशी उलटली की माणसाला दोन सवयी जडतात. आपण सांगावे आणि इतरांनी ऐकावे, ही पहिली; आणि नवे काही समोर आले की 'आता या वयात कशाला?' असे म्हणून ते बाजूला सारावे, ही दुसरी. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत या दोन्ही सवयी जरा लवकरच जडतात. मला त्या इतक्या बेमालूम जडल्या होत्या की, त्या जडल्या आहेत हेही माझ्या लक्षात आले नव्हते.

मी मूळचा निपाणीचा. एम. ए. झाल्यावर नोकरीच्या निमित्ताने बडोद्यास आलो आणि इथलाच होऊन गेलो. पहिली वीस-बावीस वर्षे वर्गात शिकवण्यात गेली. ती आनंदात गेली. पुढे मुख्याध्यापक झालो आणि हातातला खडू हळूहळू सुटला. परिपत्रके, हजेरीपट, माहितीचे तक्ते, पालकांच्या तक्रारी यांतच दिवस मावळू लागला. २०२० साली शाळा बंद झाल्या, पुढे पुन्हा उघडल्या. मुले परत आली, पण माझ्यातले काहीतरी परत आले नाही. तसे पाहिले तर दुःख करावे असे काही नव्हते. कर्ज फिटले होते, मुलगी मार्गी लागली होती, प्रकृतीची फारशी तक्रार नव्हती. तरी सकाळी शाळेच्या फाटकाशी आलो की पाय जड होत. डॉक्टरांनी फिरायला जा म्हणून सांगितले. कमाटीबागेत रोज फेऱ्या मारू लागलो. पाय सुधारले, मन होते तिथेच राहिले.

त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नववीतला एक मुलगा होता. इंग्रजीच्या वहीत तो तीच ती चूक पुन्हा पुन्हा करी. शिक्षक कंटाळले आणि प्रकरण माझ्याकडे आले. मी वडिलांना बोलावून घेतले. ते मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कामाला होते. दिवसाची मजुरी बुडवून आले. त्यांच्यासमोर आणि मुलासमोर मी शांतपणे, पण ठामपणे म्हणालो, "याला बुद्धी आहे हो, पण शिकायची इच्छाच नाही." वडिलांनी मान हलवली. मुलगा जमिनीकडे पाहत उभा राहिला. पुढल्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. त्या वेळी मला त्याचे फारसे काही वाटले नाही. आपण खरे तेच बोललो, असे मी मनाशी म्हटले.

२०२२ च्या पावसाळ्यात, वेळ घालवायचा म्हणून, मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊ लागलो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेले हे ग्रंथालय. तिथे एके दिवशी 'फारशी-मराठी कोश' हाती आला. १९२५ साली प्रसिद्ध झालेला हा कोश माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियन यांचा. ते १८९४ साली या बडोद्यातच जन्मले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फारसीचे प्राध्यापक झाले. मी सहज पाने चाळू लागलो आणि चाळता चाळता थबकलो. हजर, गैरहजर, अर्ज, रजा, शिफारस, दप्तर, शिपाई, कागद, शाई, मोहोर, खुर्ची हे सारे शब्द फारसीतून, आणि काही अरबीतून फारसीमार्गे, आपल्याकडे आलेले! ज्या खोलीचा मला इतका वीट आला होता, ती माझी खोलीच्या खोली एका परक्या भाषेत बोलत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ज्या कागदांवर मी रोज यांत्रिकपणे सही करीत होतो, त्यांतल्या 'रजा' या शब्दाचा मूळ अर्थ 'संमती, राजीखुशी' असा आहे. 'शाई' म्हणजे मुळात नुसते काळेपण. मग आपण लाल शाई म्हणतो ते काय? त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मी एकटाच हसलो.

घरी येताना मनात आले, ही भाषा शिकावी. लगेच दुसरी सवय बोलली, 'आता या वयात कशाला?' पण त्या दिवशी मी तिचे ऐकले नाही.

याकुतपुऱ्यात एक निवृत्त शिक्षक भेटले. वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना मौलवीसाहेब म्हणतो, ते मला मास्तरसाहेब म्हणतात. आमचे बोलणे गुजरातीत चालते. आठवड्यातून दोनदा त्यांच्या ओसरीवर सतरंजीवर बसून मी अलिफ-बे गिरवू लागलो. उजवीकडून डावीकडे लिहिताना हात अडखळे. सकाळी पाठ केलेले संध्याकाळपर्यंत पुसून जाई. तरण्या वयात जे दोन दिवसांत आले असते, त्याला दोन आठवडे लागत.

महिन्या-दोन महिन्यांनी त्यांनी पहिले श्रुतलेखन घातले. फारसीत 'ज'सारख्या एकाच उच्चाराला चार निरनिराळी अक्षरे आहेत. आपल्या मराठीत आलेले हजर, नजर, जमीन आणि जरा हे चार शब्द घ्या. मूळ लिपीत या चौघांत ते अक्षर चार प्रकारांनी लिहितात. कानाला फरक कळत नाही. तो डोळ्यांनी आणि स्मरणानेच राखावा लागतो. मी दहापैकी सात शब्द चुकलो. मौलवीसाहेबांनी लाल पेन्सिलीने खुणा केल्या. माझे कान तापले. पुढल्या आठवड्यात पुन्हा तेच शब्द, पुन्हा त्याच चुका. त्याच्या पुढल्या आठवड्यातही 'हजर' चुकलाच. तीस वर्षे मुलांची हजेरी घेतलेल्या माणसाला 'हजर' लिहिता येईना!

आता हे काय म्हणतील, या विचाराने मी वहीकडेच पाहत राहिलो. आणि त्या क्षणी मला तो नववीतला मुलगा आठवला. तोही असाच खाली पाहत उभा होता. माझ्यात इच्छा नव्हती काय? पावसातून स्कूटर चालवीत मी तिथवर आलो होतो, पहाटे उठून तेच शब्द गिरवले होते. तरी चूक तीच होत होती. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तिथे इच्छेचा अभावच दिसला असता.

मौलवीसाहेब एवढेच म्हणाले, "चूक याच जागी होतेय ना? मग जागा सापडली. गुरुवारी इथूनच सुरू करू."

शिक्षणशास्त्राची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत, त्यावर भाषणेही दिली आहेत. पण विद्यार्थ्याची उमेद कशी टिकते हे मला त्या एका वाक्यात कळले. आपण समजतो की आधी इच्छा असते आणि मग माणूस शिकतो. माझा अनुभव उलटा आहे. आधी कुणीतरी चुकीची जागा दाखवून 'गुरुवारी इथूनच' असे म्हणावे लागते. मग गुरुवारची वाट पाहिली जाते, आणि त्या वाट पाहण्यालाच पुढे आपण इच्छा म्हणतो. मी त्या मुलाला गुरुवार दिला नव्हता. निकाल दिला होता.

'उमेद' हा शब्दही फारसीच. मूळ 'ओमीद', म्हणजे आशा. आणि 'ओमीदवार' म्हणजे आशा बाळगणारा. मराठीत उमेदवार म्हटले की आज आपल्याला निवडणूक आठवते. पण आपल्या आजोबांच्या काळी उमेदवार म्हणजे पुढे जागा मिळेल या आशेवर कचेरीत बिनपगारी राबणारा, काम शिकणारा माणूस. या शब्दाने मला माझ्या दुखण्याचे निदान सांगितले. जो उमेदवारी करतो त्याच्याजवळ उमेद असते. मी उमेदवारी सोडून बरीच वर्षे झाली होती. खुर्चीत बसलेल्या माणसाची चूक कुणी दाखवीत नाही आणि तो कुणाच्या गुरुवारची वाट पाहत नाही. मग उमेद राहणार कशी?

मोठ्यांची चरित्रे या दृष्टीने पुन्हा वाचली, तेव्हा आधी नजरेआड गेलेल्या गोष्टी दिसू लागल्या. १८८६ साली न्यायमूर्ती रानडे सरकारी समितीच्या कामासाठी कलकत्त्यास होते. वय चव्वेचाळीस, देशभर नाव झालेले. तिथे त्यांनी बंगाली शिकायला घेतले, आणि हजामत करायला येणाऱ्या न्हाव्याकडून अडलेले शब्द विचारून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. रमाबाईंनी आपल्या आठवणींत ही हकीकत लिहून ठेवली आहे. दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतच त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले होते. संस्कृतावर जन्म काढता आला असता. पण उतारवयात केडगावी त्या हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांना भिडल्या आणि त्यांवरून बायबल सोप्या मराठीत आणीत राहिल्या. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले. या दोघांच्या बुद्धीशी आपली तुलना नाही. पण गुरूसमोर, मग तो न्हावी असो की व्याकरणाचे पुस्तक, खाली बसण्याची त्यांची तयारी आपल्यालाही अशक्य नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आपल्या परंपरेने पन्नाशीनंतर वानप्रस्थ सांगितला आहे. हळूहळू सोडत जावे, नवे धरू नये. मग म्हातारपणी नवी भाषा शिकणे ही आणखी एक हावच नव्हे काय? शिवाय उपयोग काय? आमच्या शाळेतील एका सहकाऱ्यांनी विचारलेच, "सर, निवृत्त झाल्यावर इराणला जाणार की काय?"

मी यावर पुष्कळ विचार केला. वानप्रस्थात सोडायचे ते काय? मला वाटते, सोडायचा तो अधिकार. आपला शब्द शेवटचा असावा हा आग्रह सोडायचा. जिज्ञासा सोडायला सांगितलेली नाही. उलट आम्ही गृहस्थ नेमके उलटे करतो. जिज्ञासा आधी टाकतो आणि अधिकाराला शेवटपर्यंत चिकटून राहतो. ज्या विद्येतून नोकरी, बढती, मानपत्र काहीच मिळणार नाही, अशी विद्या शिकताना हाव धरायलाही जागा नसते. खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसणे हा मला तरी जमण्याजोगा वानप्रस्थ वाटतो.

सीमाभागातील वाचकांशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायची आहे. निपाणीत माझे बालपण गेले. कानडी रोज कानांवर पडे, बाजारात, एस. टी. स्टँडवर, शेजारच्या घरात. पण १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेची जखम घराघरांत ओली होती, आणि कानडी न शिकणे हा आम्हा पोरांना मराठी बाणा वाटे. मराठीवरचे प्रेम खरे होते, आजही आहे. आपल्या भाषेसाठी उभे राहण्यात मला काही गैर दिसत नाही. पण न शिकण्याला मी तत्त्व समजलो, ते चुकले.

माधवरावांचेच पाहा. ज्यांनी फारसीचा कोश रचला, तेच पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. मराठीतून जे शब्द दूर ठेवायचे, त्यांची नाडी त्यांना ठाऊक होती. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, तोही फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. ते शब्द नीट जाणल्याशिवाय ते काम झालेच नसते. आणि १९३१ साली इथे बडोद्यात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला, त्यात राज्यकारभाराच्या शब्दांसाठी मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, इंग्रजी यांच्या पंगतीला फारसीचेही पान मांडलेले होते. एकाने वेगळे काढले, दुसऱ्याने शेजारी बसविले; दोघांनीही आधी जाणून घेतले. मी मात्र जाणून न घेताच नाकारले होते. आमच्या घरात 'अण्णा' आणि 'अक्का' ही हाक दिवसातून शंभरदा ऐकू येई. ती हाक कुठून आली, हे आम्ही कधी विचारले नाही.

आता तिसरे वर्ष चालू आहे. सादीचे 'गुलिस्तान' मी कोश शेजारी ठेवून वाचतो. एका पानाला एक संध्याकाळ जाते. १२५८ साली लिहिलेला हा ग्रंथ पूर्वी आपल्याकडे फारसी शिकणाऱ्या मुलांच्या हाती देत. हाफिज सहज वाचता येईल इतके आयुष्य आणि स्मरण माझ्याजवळ नाही, हे मला कळते. त्याचे वाईट वाटत नाही असे नाही. पण सकाळी फाटकाशी पाय जड होत नाहीत. आठवड्यातून चार तास मी पुन्हा वर्गावर जाऊ लागलो आहे. मुद्दाम कच्च्या मुलांचा वर्ग मागून घेतला. त्यांच्या वह्या तपासताना 'इच्छा नाही' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

तो मुलगा आता कुठे आहे, मला माहीत नाही. दाखल्यावरच्या पत्त्यावर गेलो होतो. कुटुंब घर सोडून गेलेले. माझ्या शिकण्याचा त्याला काही उपयोग झाला नाही, आणि हे ओझे कुठल्याही भाषेने हलके होण्यासारखे नाही. ते असू द्यावे. निदान त्यामुळे माझी उमेदवारी मी हलक्याने घेणार नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत निपाणीस जाणार आहे. शेजारच्या घरातले अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. त्यांच्याकडून कानडी मुळाक्षरे शिकून घ्यावीत असा बेत आहे. ते हसतील, हसू देत. लाल पेन्सील मात्र मी बरोबर नेणार आहे, त्यांच्या हाती देण्यासाठी.