झीज आणि गंज

माझ्या धाकट्या भावाला मोटारींचं वेड. दारात अण्णांची फियाट ताडपत्रीखाली उभी, आणि हा रात्ररात्र मोबाइलवर परदेशातल्या जुन्या रेसच्या गाड्या बघत बसतो. गेल्या दिवाळीला मी बेळगावला माहेरी गेले तेव्हा म्हणाला, "अक्का, अण्णांची गाडी पूर्ण खोलतो बघ. पत्रा, रंग, सीटा, सगळं नवं. शोरूममधनं आत्ता आणल्यागत दिसली पाहिजे." मी म्हटलं, "कर की." अण्णांच्या गाडीचं भलंच होणार होतं, त्यात विचार कसला करायचा?

मग त्यानंच मला एक फोटो दाखवला. कॅलिफोर्नियात पेबल बीच इथं १९५० पासून जुन्या मोटारींचं मोठं मानाचं प्रदर्शन भरतं. तिथला पहिला मान वर्षानुवर्षं आरशासारख्या लखलखीत गाड्यांना मिळत आला. त्यातल्या कित्येक तर कारखान्यातून निघाल्या तेव्हाही इतक्या सुबक नसतील. पण २०२४ मध्ये तो मान मिळाला १९३४ च्या एका बुगाटी टाइप ५९ ला. बेल्जियमची ग्रां प्री जिंकलेली ही गाडी पुढे त्या देशाचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली. त्याच्या वेळचा काळा रंग आणि पिवळा पट्टा तिच्यावर अजून तसाच आहे, झिजलेला आणि ठिकठिकाणी टवके उडालेला. नवी न करता जपलेल्या गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

तुम्ही म्हणाल, हे श्रीमंतांचे चोचले. असतीलही. पण त्या फोटोनं मला एका डब्यापाशी नेऊन उभं केलं.

आईचा एक पितळी डबा होता. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं माहेरचं नाव. लेकीच्या लग्नात रुखवतावर मांडायचा म्हणून मी तो पॉलिशला दिला. "चकचकीत करा," असं मीच सांगितलं होतं. डबा आला तो सोन्यासारखा. नाव मात्र पुसलं गेलं होतं. पॉलिशवाल्यानं काही चूक केली नाही, मी मागितलं तेच त्यानं दिलं. आता तिथं नवं नाव घालता येईल, पण ते तिच्या लग्नात घातलेलं नाव नसेल.

भावाला हे सांगितलं तर तो वकिली करायला लागला. त्याचा मुद्दाही खोटा नव्हता. "ओल्ड नंबर वन" नावाची एक बेंटली आहे. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ले मांची चोवीस तासांची शर्यत तिनं जिंकली. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सला ती धावपट्टीच्या कडेवरून खाली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी जिवाला मुकला. त्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली. पुढं एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, तेव्हा घेणारा म्हणाला, हिच्यात मूळचं राहिलंय काय? १९९० मध्ये वाद इंग्लंडच्या हायकोर्टात गेला. १९२९ च्या गाडीतलं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. तरीही न्यायाधीशांनी निकाल दिला, ही तीच गाडी. भाग बदलत गेले, पण तिचं चालत आलेलं आयुष्य कुठं तुटलं नाही.

"मग?" भाऊ म्हणाला. "सगळं बदललं तरी गाडी तीच राहते की नाही?"

मी दोन दिवस त्यावर विचार केला. मला फरक दिसतो तो असा. त्या बेंटलीचे भाग गरज पडली तसे, धावता धावता बदलले. तेही तिचं जगणंच होतं. पण चांगला असलेला रंग नुसता जुना दिसतो म्हणून खरवडून काढायचा, यात गरज कुठली? मधली वर्षं गेलीच नाहीत, असं आपण तिच्याकडून वदवून घेतो.

म्हणून जुनं ते सगळं पूज्य असंही मी मानत नाही. २०१४ मध्ये फ्रान्समध्ये एका घराच्या आवारात साठेक जुन्या गाड्या सापडल्या. मालकाला म्युझियम करायचं होतं, पण धंदा बसला आणि गाड्या तशाच पडून राहिल्या. अभिनेता अलां दलाँ याची एकेकाळची फेरारी तिथं मासिकांच्या ढिगाखाली होती. दुसऱ्या वर्षी पॅरिसच्या लिलावात तिला एक कोटी साठ लाख युरोंवर किंमत आली. पण तिच्या सोबतच्या कितीतरी गाड्या पत्र्याच्या शेडखाली सडून गेल्या होत्या. ती काही हाताळण्यानं आलेली झीज नव्हे, नुसती हयगय. झीज माणसाच्या हातानं होते, गंज माणसानं पाठ फिरवल्यावर चढतो. दोन्हींना एकाच कौतुकानं बघणं म्हणजे आपला आळस सजवणं.

आपल्या आया हे पुस्तक न वाचता जाणत होत्या. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई हवीच, नाहीतर ताक कळकतं आणि पोटाला बाधतं. तिथं कुणी म्हणायचं नाही, जुनं आहे, राहू दे. बाहेरचे पोचे मात्र कुणी काढत बसत नसे. हा पोचा थोरलीच्या बारशाचा, हा विहिरीत पडलं तेव्हाचा, अशी त्यांची ओळख असायची.

निघायच्या दिवशी आम्ही दोघं ताडपत्री काढून गाडीभोवती फिरलो. ब्रेक, वायरिंग, टायर नवे करायचे, त्यात तडजोड नाही, त्या गाडीत नातवंडं बसणार. खालचा पत्रा गंजानं खाल्लाय, तो कापून नवा घालायचा. रंगाला हात लावायचा नाही. चालकाच्या दाराची वरची कड, जिथं अण्णा कोपर टेकवायचे, तिथला रंग जाऊन पत्रा गुळगुळीत झालाय. भावानं त्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"सीट?" मी विचारलं. ती एका बाजूनं खचली आहे, आणि स्प्रिंग टोचते.

"सीटचं अजून ठरलं नाही अक्का," तो म्हणाला.

माझंही ठरलेलं नाही.