विवंचना आणि दोष

ज्याचे लक्ष नाही तो बेफिकीर, असा निवाडा आपण फार लवकर देतो. अर्जात चुका करणारा, हप्त्याची तारीख विसरणारा, एकच गोष्ट दोनदा विचारणारा माणूस आपल्या लेखी आळशी किंवा मंदबुद्धी ठरतो. हा निवाडा न्याय्य आहे काय?

२०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले एक संशोधन या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. तामिळनाडूतील ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी व तोडणीनंतर अशी दोनदा परीक्षा घेण्यात आली. उसाचे पैसे त्यांच्या हाती येतात ते तोडणीनंतर, एकरकमी. तोडणीपूर्वी शंभरांतील ७८ जणांनी काही ना काही गहाण टाकले होते. नंतर अवघ्या ४ जणांनी. परीक्षेचा एक भाग असा : ‘५ ५ ५’ असे लिहिलेले असता आकडे किती, ते सांगावयाचे. उत्तर ‘तीन’, जिभेवर मात्र ‘पाच’ येते. तोडणीपूर्वी शेतकरी अधिक चुकले आणि उत्तरास त्यांना वेळही अधिक लागला. कारखान्यांच्या सोयीनुसार निरनिराळ्या शेतांची तोडणी निरनिराळ्या महिन्यांत होत असल्याने हा केवळ ऋतूचा परिणाम म्हणता येत नाही.

माणसे तीच होती. चार पैसे हाती येताच त्यांची बुद्धी वाढली, असे कोण म्हणेल? ती आधीही होतीच. परंतु देण्याघेण्याच्या हिशेबात गुंतून पडली होती. चिंताग्रस्ताच्या मनात तो हिशेब अखंड चालू असतो, आणि समोरच्या कामाच्या वाट्याला उरलेसुरले अवधान येते.

मग चुकीची जबाबदारी कुणाचीच नाही, असे समजावयाचे का? तसे नाही. गांजलेला माणूसही विचार करतो, निर्णय घेतो. त्याचे कर्तेपण नाकारणे हाही त्याचा अपमानच होय. तथापि दोष मोजताना ओझेही मोजले पाहिजे, आणि ते हलके करणे ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे जबाबदारीचा मोठा वाटा जातो. किचकट अर्ज, ऐन टंचाईत संपणारी शुल्काची मुदत, पीक उभे असतानाच मागितला जाणारा हप्ता, या गोष्टी माणसांनीच ठरविलेल्या असतात. त्या बदलण्यास फारसा खर्चही येत नाही.

‘लक्ष दे’ असे विवंचनेत बुडालेल्यास सांगणे सोपे आहे. त्याचे लक्ष कशाने व्यापले आहे, हे आधी आपण लक्षपूर्वक पाहावे. उपदेशाचा अधिकार त्यानंतरचा.