अश्रुताचे अस्तित्व

वारकरी कीर्तनाच्या व्हिडिओतील केवळ ध्वनी घरच्या संगणकावर वेगळा काढून घ्यावा आणि पहाटे देवपूजेच्या वेळी तो ऐकावा, ही वहिवाट आता अनेक कुटुंबांत पडली आहे. आणि नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान देणाऱ्या परंपरेत तिला गैर म्हणण्याचे कारण नाही. दृश्यापासून अलग केल्याने कीर्तन खंडित होते, असा आक्षेप कोणी घेतल्यास त्याला वैशेषिकांच्या परिभाषेत उत्तर देता येईल. द्रव्य आणि गुण यांच्यातील अविभाज्य संबंधास ते समवाय म्हणतात, आणि दोन स्वतंत्र द्रव्ये एकत्र आल्याने घडणाऱ्या, म्हणूनच मोडताही येणाऱ्या संबंधास संयोग. एमपी४ फाइलीतील चित्र आणि ध्वनी यांचा संबंध निखालस संयोगाचा आहे. दोहोंचे प्रवाह मुळातच निरनिराळे नोंदलेले असतात, कालदर्शक आकड्यांनी त्यांची सांगड घातलेली असते, आणि एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाला चित्र वगळून ध्वनी जशाचा तसा उतरवण्याचा हुकूम दिला, तर त्याची अस्सलबरहुकूम नक्कल अल्पावधीत हाती येते.

प्रश्न उद्भवतो तो त्यापुढे. पुष्कळ लोक ध्वनी उतरवून घेताना त्याचे एमपी३मध्ये रूपांतर करून टाकतात, आणि १९९३ साली प्रमाणित झालेली ही पद्धती मानवी श्रवणाच्या मर्यादांवरच उभारलेली आहे: प्रबळ आवाजाच्या लगतचा क्षीण आवाज कानाला उमगत नाही, सबब त्याची नोंद ठेवण्याचे प्रयोजन नाही, असा निकाल गणित परस्पर देऊन मोकळे होते. सीडीच्या मापाने दर सेकंदास सुमारे १,४११ किलोबिट लागणारा नाद १२८ किलोबिटांत बसतो, तो मुख्यतः या कपातीमुळे. टाळांच्या गजरात मागच्या रांगेतील एखाद्या टाळाची मंद किणकिण अशा रीतीने बेदखल होते, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

जे ऐकूच येत नव्हते ते गेले, तर गेले काय? ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत, असलेली वस्तू उपलब्ध का होत नाही याची आठ कारणे दिली आहेत, त्यांत अभिभव, म्हणजे प्रबळाने क्षीणाला झाकून टाकणे, हे एक आहे. सूर्याच्या तेजाने दिवसा नक्षत्रे दिसत नाहीत, हे त्याचे रूढ उदाहरण. एमपी३च्या कर्त्यांनी ज्या श्रवणधर्माचा आधार घेतला तो हा अभिभवच होय, आणि सांख्यांनी त्याची गणना वस्तूच्या अभावात केली नाही, असलेली वस्तू उपलब्ध न होण्याच्या कारणांत केली. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले खरे, परंतु तेथेही योग्यतेची अट घातली: वस्तू असती तर ती निश्चित उपलब्ध झाली असती, अशी स्थिती असेल तरच तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. गजराखाली दबलेला नाद ही अट पुरी करीत नाही. म्हणून ‘ऐकू येत नाही, तेव्हा ते नसल्यातच जमा’ हे अनुमान आपल्या दर्शनांच्या न्यायासनापुढे टिकणारे नाही.

भाविकाच्या दृष्टीने तर बाब याहून गंभीर आहे. मागच्या रांगेतील टाळकरी टाळ वाजवतो तो श्रोत्यांची दाद मिळावी म्हणून नव्हे. त्याचा नाद विठ्ठलाला निवेदित झालेला असतो, आणि २० ते २०,००० हर्ट्झ ही मनुष्याच्या कानाची मर्यादा त्या निवेदनाला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. पांडुरंगाने तो नाद कीर्तनाच्या वेळीच ऐकला, त्याला फाइलीची गरज ती काय, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण फाइल आपल्या स्वाधीन आहे, आणि दुसऱ्यासाठी अर्पण झालेल्या वस्तूचा जो सांभाळ करतो, त्याला आपल्या उपभोगाच्या मापाने तिची छाटणी करण्याची सनद मिळालेली नसते.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रानेच एएसी या अशाच दुसऱ्या संक्षेप-पद्धतीच्या रूपात काही गाळलेले असते, हा आक्षेप यथार्थ आहे. ते गाळणे आपल्या अखत्यारीबाहेरचे. दुसऱ्यांदा गाळणे मात्र सर्वस्वी आपल्या हातचे आहे. प्रवासात ऐकण्यासाठी एमपी३ अवश्य करावे, परंतु मूळ प्रवाहाची नक्कल, आणि जागा असेल तर समग्र व्हिडिओ, संग्रही ठेवावा. कारण एकदा वगळलेला नाद एमपी३मधून परत मिळवण्याचा मार्ग कोणत्याही साधनापाशी नाही.