ओळखीची टेकडी

रोज फिरायला जातो ती टेकडी आपल्याला तोंडपाठ आहे असं वाटतं. पण पुण्याच्या वेताळ टेकडीवर एकदा मोबाईल घेऊन रुईच्या झुडपासमोर उकिडवं बसून बघा. पानाच्या कडेला काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी बरेचदा सापडते. रुईचं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. पुढे तिचंच केशरी फुलपाखरू होतं, बिबळ्या कडवा. फोटो नीट यावा म्हणून श्वास रोखून थांबावं लागतं आणि खरी ओळख त्या थांबण्यातच होते. फुलं बघायला कासच्या पठारावर गर्दी करण्याआधी हे करावं, असं मला मनापासून वाटतं. उद्या सकाळी आपल्या वाटेवरच्या एखाद्या झुडपाचा फोटो काढा. फक्त पान तोडू नका, अळीला हात लावू नका.