बरणीवरची चिठ्ठी

'फ्रँकेन्स्टाईन' हे एका राक्षसाचे नाव आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक ते त्या प्राण्याला घडविणाऱ्या माणसाचे नाव आहे. मेरी शेली या इंग्रज लेखिकेची ही कादंबरी १८१८ साली प्रसिद्ध झाली. तीत त्या प्राण्याला नावच नाही. कर्त्याने ते कधी दिलेच नाही.

१९३१ साली जेम्स व्हेल यांनी या कथेवर चित्रपट काढला. बोरिस कार्लॉफ यांनी त्यात त्या प्राण्याचे काम केले. कादंबरीत नसलेला एक प्रसंग या चित्रपटात आहे. शास्त्रज्ञाचा मदतनीस मेंदू चोरावयास जातो. चांगल्या मेंदूची बरणी हातून पडून फुटते, म्हणून तो दुसरी उचलतो. तिच्यावर तो मेंदू विकृत असल्याची चिठ्ठी असते. पुढच्या साऱ्या अनर्थाचे उत्तर जणू त्या बरणीतच सापडते: मेंदूच वाईट, मग दुसरे काय होणार?

कादंबरी मात्र आपणांस इतक्या स्वस्तात सोडीत नाही. तेथे प्राण्याने डोळे उघडताच त्याचा कर्ता किळसेने पळून जातो. टाकलेला तो जीव एका गरीब कुटुंबाच्या घरालगत लपून राहतो, ऐकून ऐकून भाषा शिकतो, रात्री त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. पण समोर येताच त्याला मार मिळतो. मग तो सूडाला पेटतो. त्याने केलेले खून हे खूनच आहेत. परंतु ज्याने घडविले, तो त्याचे काहीच देणे लागत नव्हता काय?

चित्रपटातही एक प्रसंग त्या चिठ्ठीला खोटे ठरवितो. तळ्याकाठी एक लहान मुलगी न भिता त्याला फुले देते, आणि तो हसतो. दोघे फुले पाण्यावर सोडतात. फुले संपल्यावर, तीही तशीच तरंगेल या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. ती बुडते, तो भांबावून पळतो. हा भाग पूर्वी कापला गेला होता; १९८० नंतरच्या दशकात तो पुन्हा जोडण्यात आला. तो पाहिला म्हणजे कळते, की तेथे दुष्टाई नव्हती. त्याला शिकविणारे कोणी नव्हते.

कोणी म्हणेल, मनुष्य स्वभावतः पापी आहे, असेच आपण शिकवितो ना? होय, पण ते सर्वांविषयी. एका बरणीवर चिठ्ठी लावून बाकीच्या आपण निर्दोष ठरवीत नाही. शिवाय उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, आज्ञा मोडणाऱ्या आदाम व हव्वेला बागेबाहेर घालविण्यापूर्वी देवाने त्यांना वस्त्रे करून घातली. शिक्षा झाली, पण त्यांना उघडे टाकले नाही.

शब्बाथशाळेत एखादे मूल फार दंगा करू लागले, की "ते त्याच्या रक्तातच आहे," असे आम्हीही म्हणून गेलो आहोत. त्या वाक्याने मुलाविषयी काही कळत नाही. केवळ आमची जबाबदारी टळते. शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या रविवारी अशा मुलाला जवळ बसवू या, आणि प्रथम त्याला नावाने हाक मारू या.